निवारा बांधायला पैसा मिळतो, चालवायला कोण देणार?

शहरातल्या बेघरांसाठी निवारा केंद्र उभारायला आणि ते चालवायला केंद्र सरकारकडून पैसा येण्याचा मुख्य मार्ग म्हणजे दीनदयाळ अंत्योदय योजना – राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान. सरकारी बोलीत एनयूएलएम. त्यातला 'शहरी बेघरांना निवारा' हा घटक २०१३ पासून चालू होता. ३० सप्टेंबर २०२४ रोजी या अभियानाची मुदत संपली.

पुढे काय, हा प्रश्न १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात निघाला. ई. आर. कुमार विरुद्ध भारत सरकार हा शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा जुना खटला, २००३ पासून चालू असलेला. त्या दिवशीच्या बातम्यांत गाजली ती फुकटच्या योजनांमुळे लोक काम करेनासे होतात, ही खंडपीठाची टिप्पणी. कामाची गोष्ट मात्र महान्यायवादींनी सांगितली. शहरी गरिबी निर्मूलनाचे नवे अभियान अंतिम टप्प्यात आहे आणि बेघरांच्या निवाऱ्याचा विषय त्यात येईल, असे त्यांचे निवेदन होते. ते लागू व्हायला किती वेळ लागेल हे सरकारकडून विचारून सांगा, असे न्यायालयाने म्हटले आणि सुनावणी सहा आठवड्यांवर गेली.

दिल्लीच्या दृष्टीने हा दोन अभियानांमधला मधला काळ. पण निवारा केंद्राच्या दारात बसणाऱ्या रखवालदाराचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. म्हणून 'बेघरांसाठी अनुदान कसे मिळवायचे' या प्रश्नाचे उत्तर देताना आधी हे पाहायला हवे, की अनुदान नेमके कशाला मिळते आणि कशाला मिळत नाही.

बेघर कोणाला म्हणायचे

या पानांचा मजकूर मराठीत आणताना मला सर्वांत जास्त अडवणारा शब्द 'बेघर' हाच आहे. तो दोन योजनांत दोन वेगळ्या माणसांसाठी वापरला जातो.

जनगणनेच्या व्याख्येत बेघर कुटुंब म्हणजे जे कोणत्याही इमारतीत राहत नाही: रस्त्याच्या कडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात, रेल्वे फलाटावर राहते. निवारा योजनेचा बेघर हाच. प्रधानमंत्री आवास योजनेत मात्र कसोटी वेगळी आहे. देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर नसले की ते कुटुंब पात्रतेच्या कक्षेत येते. म्हणजे वस्तीत पत्र्याच्या खोलीत वीस वर्षे राहणारे कुटुंबही या अर्थाने बेघर, आणि फलाटावर झोपणारी एकटी म्हातारीही बेघर. कागदावर दोघांचा हक्क सारखा. पैसा मात्र पहिल्याकडेच जातो, कारण दुसरीकडे अर्ज भरण्याइतकेही काही नसते.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. पाच वर्षांत एक कोटी कुटुंबांना मदत देण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. तिचा सर्वांत ओळखीचा भाग म्हणजे स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधण्यासाठी मदत. बहुतेक राज्यांत केंद्राचे दीड लाख आणि त्यावर राज्याचा वाटा. छत्तीसगडमध्ये या भागाला पहिल्या टप्प्यापासून लोक 'मोर जमीन मोर मकान' म्हणून ओळखतात. मराठी वाचकाला 'मोर' वाचून पिसारा आठवेल, पण छत्तीसगढीत मोर म्हणजे माझे. माझी जमीन, माझे घर. अट योजनेच्या नावातच आहे: जमीन आधी, घर नंतर.

जमिनीची ही अडचण सरकारांना माहीत नाही असे नाही. तेव्हाच्या मध्य प्रदेशाने १९८४ मध्येच शहरी भागातल्या भूमिहीनांना, ते राहत असलेल्या जागेचा पट्टा देण्याचा कायदा केला होता. राज्य वेगळे झाल्यावर तो छत्तीसगडकडे आला. महाराष्ट्राने ग्रामीण घरकुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना काढली, तीही घरकुल मंजूर होऊन जागेअभावी अडलेल्या कुटुंबांसाठी. सुरुवातीला त्यात ५० हजार रुपयांपर्यंत मदत होती. पण या दोन्ही उपायांत माणूस कुठेतरी 'राहतो' हे गृहीत धरलेले आहे. पट्टा मिळायला झोपडी लागते, जागाखरेदीची मदत मिळायला घरकुलाच्या यादीत नाव लागते. रोज रात्री जागा बदलणाऱ्याची नोंद यांपैकी कशातच होत नाही.

तुलनेसाठी निवडणूक आयोगाकडे पाहा. बेघर माणसाने मतदार यादीत नावासाठी फॉर्म ६ भरला, तर पत्त्याचा पुरावा मागितला जात नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, म्हणजे बीएलओने, रात्री त्या ठिकाणी जायचे, माणूस खरोखर तिथे झोपतो का पाहायचे, आणि एकाहून जास्त रात्री पाहून खात्री करायची. याच देशातल्या एका यंत्रणेने, रात्री जाऊन पाहणे हा पुरावा धरला आहे. घरांच्या योजनांनी तो धरलेला नाही, एवढाच काय तो फरक.

म्हणूनच निवारा केंद्राचे महत्त्व छपरापुरते नाही. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने दिलेले प्रमाणपत्र आधारसाठी चालते. आधार झाले की शिधापत्रिका, बँक खाते, निवृत्तिवेतन या सगळ्यांची सुरुवात होते. फलाटावरून थेट आवास योजनेत जाता येत नाही. मध्ये ही एक पायरी लागते, आणि सध्या प्रश्न त्याच पायरीच्या पैशाचा आहे.

अर्ज कोण करतो

इथे बहुतेक मंडळे आणि संस्था अडखळतात. शहरी बेघर निवाऱ्यासाठी बेघर माणसाने अर्ज करायचा नसतो, आणि संस्थेनेही केंद्राकडे थेट करायचा नसतो. प्रस्ताव नगरपालिकेने किंवा महानगरपालिकेने करायचा, तो राज्यस्तरावरच्या प्रकल्प मंजुरी समितीने मंजूर करायचा, आणि पैसा राज्य अभियानामार्फत पालिकेकडे यायचा. हा क्रम होता. सुरुवातीला केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के होता, नंतर ६० आणि ४० झाला.

संस्थेचा प्रवेश त्यानंतर होतो. पालिका जाहिरात देऊन निवारा व्यवस्थापन संस्था निवडते. ती नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था असू शकते, बचत गटांचा संघ असू शकतो, बेघरांचीच समिती असू शकते. नव्या अभियानाचा तपशील काही असला, तरी राज्य आणि पालिका हा मार्ग मोडीत निघेल असे मानण्याचे कारण दिसत नाही. तेव्हा संस्थेचे पहिले काम केंद्राच्या संकेतस्थळावर अर्ज शोधत बसणे हे नाही. आपली पालिका प्रस्ताव करील इतपत सामग्री तिच्या टेबलावर नेऊन ठेवणे, हे पहिले काम.

निकषही माहीत असावेत. दरडोई किमान ५ चौरस मीटर जागा. एका केंद्रात ५० ते १०० माणसे. जागा लोक जिथे झोपतात आणि कामाला जातात त्याच्या जवळ हवी: स्टेशन, बस अड्डा, बाजार, मजुरांचा नाका. नवी इमारत बांधण्याची सक्ती नाही. पालिकेची पडून असलेली शाळा, समाजभवन, गोदाम दुरुस्त करून वापरता येते. बऱ्याच प्रस्तावांत नव्या इमारतीचा हट्ट दिसतो, कारण बांधकामाचे कंत्राट निघते. दुरुस्तीचा प्रस्ताव स्वस्त पडतो आणि लवकर उभा राहतो, म्हणून आग्रह त्याचा धरावा.

एक सूचना नावाबद्दल. हिंदीत या केंद्रांना लोक 'रैन बसेरा' म्हणतात, मराठीत 'रात्र निवारा'. दोन्ही शब्दांत रात्र आहे आणि त्यातून गैरसमज पक्का होतो: सकाळी सहाला सगळ्यांना बाहेर काढायचे, कुलूप लावायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पीयूसीएलच्या अन्न अधिकाराच्या खटल्यात जे आदेश दिले, त्यांत निवारे चोवीस तास आणि बाराही महिने चालू हवेत असे होते. रात्रपाळीचा मजूर दिवसा झोपतो, आजारी माणसाला दुपारीही अंथरूण लागते. ठरावात आणि फलकावर 'बेघर निवारा केंद्र' असेच लिहावे.

लाखामागे एक, आणि जामुल कुठे?

त्याच आदेशांतून आलेला दुसरा निकष म्हणजे एक लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारा. मोठ्या शहरांसाठी तो फार उपयोगी ठरला, कारण त्यामुळे तुटवडा मोजता येऊ लागला. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. पालिका त्याच्या जवळपासही पोचलेली नाही. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्राच्या शहरांत १ लाख ११ हजारांवर बेघर मोजले, त्यातले सुमारे ५७ हजार एकट्या मुंबईत.

छोट्या गावाला मात्र हाच निकष नडतो. जामुल ही दुर्ग जिल्ह्यातली नगरपालिका, भिलाईला चिकटलेली. १९६५ पासूनचा सिमेंट कारखाना, भोवती औद्योगिक वसाहत, ठेक्यावर येणारे मजूर. लोकसंख्या लाखाच्या खूप खाली. एनयूएलएम सुरू झाले तेव्हा ते लाखावरची शहरे आणि जिल्ह्याची मुख्यालये यांच्यापुरतेच होते. २०१६ मध्ये ते सर्व ४,०४१ वैधानिक शहरांना लागू झाले, म्हणजे जामुलसारखी गावेही कक्षेत आली. पण 'लाखामागे एक' या हिशेबात त्यांच्या वाट्याला पूर्णांकात काहीच येत नाही. पात्रता आहे, पण गरज शून्य दाखवली जाते.

आता गंमत पाहा. जनगणनेच्या दुर्ग-भिलाईनगर नागरी समूहात जामुल धरलेले आहे, आणि २०११ मध्येच या समूहाची लोकसंख्या १० लाख ६४ हजार होती. पंधराव्या वित्त आयोगाने पालिकांच्या अनुदानासाठी दहा लाखांवरचे समूह वेगळे काढले. या समूहांचा पैसा हवेची गुणवत्ता, पाणी आणि घनकचरा यांनाच बांधलेला होता. बाकीच्या शहरांना जे ४० टक्के मुक्त अनुदान मिळत होते, ते यांना नव्हते. म्हणजे निवारा मोजताना जामुल एकटे आणि लहान, वित्त आयोगाचा पैसा मोजताना ते दहा लाखांच्या समूहाचा तुकडा. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत. दोन्हींच्या मध्ये पडतो तो माणूस, जो दिवसा जामुलच्या औद्योगिक वसाहतीत माल चढवतो आणि रात्री पॉवर हाऊसच्या बाजूला झोपायला जातो. तो कोणत्या पालिकेचा?

माझे मत असे, की या पट्ट्यात प्रस्ताव एकेकट्या पालिकेने करूच नये. भिलाई, दुर्ग, भिलाई-चरोदा, रिसाली, कुम्हारी आणि जामुल यांनी समूह म्हणून गणना करावी आणि समूह म्हणून निवारे मागावेत. दहा लाखांवर लोकसंख्या म्हटली तर किमान दहा निवारे होतात. त्यातला एक औद्योगिक वसाहतीजवळ असावा, हा युक्तिवाद मग जामुलला करता येतो. एकट्याने मागितले तर 'तुमच्याकडे बेघर आहेत तरी किती' या पहिल्याच प्रश्नावर फाईल परत येईल.

किती आहेत, हे कोणी मोजले?

हा पहिला प्रश्न टाळता येत नाही. मार्गदर्शक सूचनांनुसार पालिकेने त्रयस्थ संस्थेकडून बेघरांचे सर्वेक्षण करून घ्यायचे असते. ई. आर. कुमार खटल्यात न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०१६ रोजी निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने राज्याराज्यांतली स्थिती तपासली. निवाऱ्यांची संख्या गरजेपेक्षा फार कमी आहे आणि अभियानाचा पैसा राज्यांकडे न वापरता पडून आहे, हे त्यातून ठळकपणे समोर आले. २०१८ मध्ये न्यायालयाने राज्यस्तरीय निवारा संनियंत्रण समित्या नेमायला लावल्या. पैसा नाही म्हणून निवारा नाही, हे तोपर्यंतचे ठरीव उत्तर त्यामुळे लंगडे पडले. पैसा होता. मागणी लिहिणारे कोणी नव्हते.

जनगणनेत बेघरांची मोजणी एका रात्रीत होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. अमेरिकेतही बेघर सेवांचा संघराज्याचा निधी घेणाऱ्या भागांना जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत एका रात्रीची मोजणी करावी लागते. फरक असा, की तिथे ती निधीच्या अर्जाशी जोडलेली आहे आणि वारंवार होते. आपल्याकडे २०११ नंतर जनगणनाच झाली नाही, त्यामुळे आज कोणत्याही प्रस्तावात जोडला जाणारा अधिकृत आकडा दीड दशक जुना असतो. त्यानंतर करोना आला, टाळेबंदी आली, वस्त्या हलल्या, मजुरांचे मार्ग बदलले.

पुढच्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आहे. तिचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा. मागची पद्धत ठेवली, तर बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारी २०२७ च्या रात्री होईल. त्या रात्री जे प्रगणकाला सापडणार नाहीत, ते पुढची अनेक वर्षे कोणत्याच प्रस्तावात सापडणार नाहीत. लोक कुठे झोपतात याची यादी स्थानिक संस्थांनी आधीच तयार करून प्रभारी अधिकाऱ्यांना देणे, याला अनुदान लागत नाही. पुढच्या सगळ्या अनुदानांचा पाया मात्र त्यावरच आहे.

पन्नास हजारांचा महिना

आता मुख्य अडचणीकडे येऊ. बांधकाम किंवा दुरुस्ती हा एकदाचा खर्च. चालवण्यासाठी एनयूएलएमने ५० माणसांच्या निवाऱ्याला वर्षाला ६ लाख रुपये धरले होते, तेही पाच वर्षांपुरते. महिन्याला पन्नास हजार. केंद्र चोवीस तास चालवायचे तर एक व्यवस्थापक आणि आठ-आठ तासांच्या पाळीचे किमान तीन काळजीवाहक लागतात. चौघांना समजा दहा-दहा हजार दिले, तरी चाळीस हजार गेले. उरलेल्या दहा हजारांत वीज, पाणी, साबण, चादरी धुणे, डास, दुरुस्ती. पन्नास जणांवर भागले तर माणशी महिन्याला दोनशे रुपये, दिवसाला सात रुपयांच्याही आत.

यात परिचारिका नाही, समुपदेशक नाही, व्यसन सोडवू पाहणाऱ्याला कोणी सोबत नाही. बेघरांत मनोरुग्ण, अपंग, घरातून काढलेल्या वृद्ध स्त्रिया, लहान मुले असलेल्या एकट्या आया असतात. त्यांच्यासाठी वेगळे निवारे असावेत असे मार्गदर्शक सूचना सांगतात, पण वेगळा निवारा म्हणजे तेच सहा लाख. 'बेघर लोक निवाऱ्यात यायलाच तयार नसतात' हे वाक्य पालिकांच्या तोंडी नेहमी असते. दिवसाला सात रुपयांच्या व्यवस्थेत कोण उत्साहाने येईल?

आणि पाच वर्षांनंतर? सूचनांचा भाव असा, की तोवर राज्य आणि पालिका खर्च उचलायला तयार झालेल्या असतील. ज्या पालिकेला स्वतःच्या सफाई कामगारांचा पगार वेळेवर करताना ओढाताण होते, ती बेघर निवाऱ्याला अर्थसंकल्पात कायमचे शीर्ष देईल, हे गृहीतक फार आशावादी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये बेघरांच्या याचिकेवर म्हटले होते, की बेघरांनीही काम केले पाहिजे, सगळेच राज्य देऊ शकत नाही. पण बेघरांतले पुष्कळ लोक काम करतातच: हमाली, लग्नात वाढपी, भंगार गोळा करणे, बांधकाम. काम आहे, पण त्या कामाच्या पैशात भाड्याची खोली बसत नाही. तो तिढा वेगळा आहे आणि आळशीपणाशी त्याचा संबंध नाही.

दुसरे मार्ग कुठवर नेतात

सामाजिक न्याय मंत्रालयाची 'स्माइल' योजना फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्यात भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा एक भाग आहे आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी 'गरिमा गृह' हा दुसरा. पहिल्या भागात संस्थांना काम मिळू शकते, पण सावधपणे. बेघर आणि भिकारी हे एक नव्हेत. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आणि छत्तीसगडमध्ये मध्य प्रदेशाकडून आलेला १९७३ चा कायदा अजून पुस्तकात आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्या शहराला लागू असलेल्या कायद्यातली शिक्षेची कलमे रद्द केली. तो निकाल दिल्लीपुरता. ज्या गृहात माणसाला पकडून आणतात आणि ज्या निवाऱ्यात तो आपण होऊन येतो, त्या दोन वेगळ्या जागा आहेत. प्रस्ताव लिहिताना त्या एकत्र केल्या, की लोक निवाऱ्यालाही घाबरू लागतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये २५ शहरांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेल्या दीनदयाळ जन आजीविका योजनेचा (शहरी) भर व्यवसायगटांवर आहे: बांधकाम, वाहतूक, घरकाम, कचरा, सेवाशुश्रूषा, गिग कामगार. कामगाराच्या बाजूने विचार करणारी ही चांगली दिशा आहे. पण जी म्हातारी आता कोणतेच काम करू शकत नाही, तिचा व्यवसायगट कोणता लिहायचा?

आवास योजना २.० मधला भाड्याच्या घरांचा भाग जामुलसारख्या ठिकाणी जास्त पाहण्यासारखा आहे. त्याच्या लाभार्थ्यांत औद्योगिक कामगार, शहरात स्थलांतरित झालेले लोक आणि बेघर, निराधार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दोन रीती आहेत. सरकारी पैशातून बांधलेली रिकामी घरे भाड्याने देणे ही एक, आणि उद्योग, संस्था किंवा सरकारी यंत्रणेने नवी बांधणे ही दुसरी. नव्या तंत्राने बांधल्यास चौरस मीटरला केंद्राचे ३,००० आणि राज्याचे २,००० रुपये मिळतात. तीस चौरस मीटरच्या घराला दीड लाख झाले. कारखान्यांच्या गावात उद्योगांना हे पटवता येण्याजोगे आहे. मात्र भाडे भरू शकणाऱ्यासाठीच ते घर. निवाऱ्यातून बाहेर पडणाऱ्याची ती पुढची पायरी आहे, निवाऱ्याची जागा ते घेऊ शकत नाही.

उरतो कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के खर्च करायचे असतात, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. सातव्या अनुसूचीत 'बेघर निवारा' हा शब्द नाही, पण भूक आणि गरिबी निर्मूलन, स्त्रियांसाठी व अनाथांसाठी गृहे, वृद्धाश्रम, झोपडपट्टी विकास हे आहेत. प्रस्ताव या शब्दांत मांडावा. संस्थेकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी, तीन वर्षांचे काम आणि सीएसआर-१ नोंदणी लागते. जिल्हा खनिज न्यासाच्या निधीत वृद्ध आणि अपंगांचे कल्याण हा विषय आहे. या जिल्ह्यात चुनखडीच्या खाणी असल्याने खाणबाधित भागात तोही मार्ग पाहता येईल. या दोन्ही ठिकाणांहून इमारत मागू नका. मागा पगार: दोन काळजीवाहकांचा आणि एका समुपदेशकाचा, तीन वर्षांसाठी. इमारतीवर कंपनीच्या नावाची पाटी लागते म्हणून ती लवकर मंजूर होते, पगारावर पाटी लागत नाही. तरी मागणी हीच हवी.

पालिकेच्या टेबलावर काय ठेवायचे

अर्थसंकल्प मार्चमध्ये होतो, म्हणून तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू झालेली बरी. आपल्या वॉर्डाच्या पार्षदामार्फत किंवा मुख्य नगरपालिका अधिकाऱ्याला थेट पत्र देऊन (महाराष्ट्रात नगरसेवक आणि मुख्याधिकारी) तीन गोष्टी मागाव्यात. बेघरांच्या सर्वेक्षणाचा ठराव, शक्य असल्यास शेजारच्या पालिकांसह. वापरात नसलेल्या पालिका इमारतींची यादी. आणि अर्थसंकल्पात निवारा चालवण्याचे स्वतंत्र शीर्ष, पहिल्या वर्षी त्यात रक्कम कितीही लहान असली तरी. शीर्ष असले की पुढच्या वर्षी त्यात वाढ मागता येते आणि नव्या अभियानाचा पैसा आला तर तो ठेवायला जागा तयार असते. शीर्षच नसेल तर दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात.

संस्थेने आपली कागदपत्रे आधीच नीट करून ठेवावीत. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पणवरचा क्रमांक केंद्राच्या बहुतेक अनुदानांना लागतो. त्याहून जास्त संस्था अडतात त्या उपयोगिता प्रमाणपत्रावर. सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ नुसार अनुदान घेणाऱ्या संस्थेने ते १२-ए या नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यायचे असते. ते अडले की पुढचा हप्ता अडतो. निवाऱ्याच्या बाबतीत हा हप्ता म्हणजे चौघांचा पगार. म्हणून रोजची हजेरी वही, झोपलेल्यांची संख्या, चादरी धुतल्याच्या पावत्या आणि पगारपत्रक पहिल्या दिवसापासून एकाच ठिकाणी ठेवा. नोंद नावानिशी ठेवताना एक काळजी घ्या: ज्याला नाव सांगायचे नाही, त्यालाही आत घ्यायचे आहे. त्याच्यापुढे वहीत 'एक पुरुष, वय सुमारे ६०' एवढेही पुरते.